लीड्समधल्या पबातला रविवारचा रोस्ट

हेडिंग्लीत आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या पबात रविवारी दुपारी बारा ते पाच रोस्ट मिळतो, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या आणि ग्रेव्ही असं भरलेलं ताट. मी मागच्या रविवारी चौथ्यांदा गेले. या वेळी माझी आई सोबत होती आणि शेजारच्या आजीही. आजींचं वय ब्याऐंशी, सगळं आयुष्य यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्स ज्यात येतं त्या उत्तर इंग्लंडातल्या परगण्यात, गेलेलं. दुपारच्या या जेवणाला त्या लंच म्हणत नाहीत, 'डिनर' म्हणतात. संध्याकाळचं जेवण म्हणजे त्यांची 'टी'.

या पबाला मी मनापासून पसंती देते ती यॉर्कशर पुडिंगसाठी, म्हणजे ओव्हनमध्ये फुगवलेल्या पिठाच्या खोलगट वाटीसाठी. इतर बहुतेक ठिकाणी ते मांसाच्या शेजारी ताटाच्या कडेला असतं, आणि ग्रेव्ही येईपर्यंत निवून चिवट झालेलं असतं. इथे मुख्य ताटाआधी वेगळी बशी येते. त्यात तळहाताएवढं पुडिंग आणि कांद्याची दाट ग्रेव्ही, बाकी काही नाही. आजी म्हणाल्या, खरी पद्धत हीच. त्यांच्या घरात खाणारी तोंडं सात आणि मांसाचा तुकडा लहान. आधी पुडिंगने पोट निम्मं भरायचं, मग मांस सगळ्यांना पुरायचं. त्यांची आई मुलांना सांगायची, जो जास्त पुडिंग खाईल त्याला मांसही जास्त मिळेल.

गोड काहीतरी असेल असं नावावरून वाटतं, पण हे मीठ घातलेलं असतं. मैदा, अंडी आणि दूध यांचं पातळ पीठ. पूर्वी मांस विस्तवासमोर सळईवर फिरायचं, खालच्या पसरट भांड्यात चरबी ठिबकायची आणि त्यातच हे पीठ ओतायचे. इंग्लिश पाककृती-लेखिका हॅना ग्लास यांनी 1747 मध्ये छापलेल्या पाककृतींत ते 'यॉर्कशर पुडिंग' या नावाने आहे. आता साचे ओव्हनमध्ये तापवतात, चरबीतून धूर निघायला लागला की थंड पीठ ओततात आणि फुगून रंग धरेपर्यंत दार उघडत नाहीत. दार उघडलं की पुडिंग बसलंच. 2008 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा बुटकं पुडिंग खरं यॉर्कशर पुडिंग नव्हे. इथलं त्याहून उंच होतं. कडा कुरकुरीत, तळाशी मऊ खळगा आणि त्यात साठलेली ग्रेव्ही. आजींनी शेवटचा थेंबही पुसून खाल्ला.

आता शाकाहारी मंडळींसाठी, आणि बीफ न खाणाऱ्यांसाठीही. पुडिंग आणि भाजलेले बटाटे पुष्कळ ठिकाणी बीफच्या चरबीत करतात, आणि तसं मेनूवर लिहिलेलं असेलच असं नाही. काउंटरवर ऑर्डर देतानाच विचारा. मी विचारलं तेव्हा मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन खात्री केली आणि तेलातली वेगळी ताटली आणवली. आई अंडं खाते, म्हणून तिला पुडिंग चाललं. मांसाऐवजी तिने नट रोस्ट, म्हणजे कुटलेल्या सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा तुकडा, घेतला. तो चांगला खमंग होता, पण त्याची शाकाहारी ग्रेव्ही पाणचट निघाली. एवढ्या मनापासून चालवलेल्या स्वयंपाकघराने शाकाहाऱ्यांच्या ग्रेव्हीलाही तेवढाच वेळ द्यायला हवा. फ्लॉवर चीजही, म्हणजे चीजच्या सॉसमध्ये भाजलेला फ्लॉवर, मधोमध गार होतं.

मी लॅम्ब, म्हणजे कोकराचं मांस, घेतलं, सोबत मिंट सॉस: बारीक चिरलेला पुदिना, व्हिनेगर आणि साखर. आपल्या चटणीची चव मनात धरून खाऊ नका. आंबटगोड असतो आणि लॅम्बच्या तुपकटपणाला छान तोडतो. बीफबरोबर हॉर्सरॅडिश येतं, एका तिखट मुळाचं सॉस, मोहरीसारखं नाकात जाणारं. आजींनी ते चमचाभर घेतलं. बटाटे उत्तम. आधी अर्धवट उकडून, भांड्यात हलवून त्यांच्या कडा खरबरीत करतात, म्हणून बाहेरून इतके कडक होतात. पार्सनिपची, म्हणजे गाजरासारख्या पांढुरक्या कंदाची, गोडी आईला फार आवडली. गाजर, कोबी नेहमीचेच.

माणशी अठरा पाउंड. टेबल आधी राखून ठेवा, आणि शक्यतो दोनच्या आत जा. मागे एकदा चार वाजता गेले होते तेव्हा पुडिंग संपलं होतं. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवून ऑर्डर काउंटरवर द्यायची आणि पैसेही तिथेच भरायचे.

उरलेले बटाटे आणि कोबी मालकीणबाईंनी न मागता डब्यात भरून दिले. सोमवारी सकाळी आजी आमच्याकडे आल्या आणि दोन्ही कुस्करून तव्यावर लोण्यात खरपूस परतून दिलं. याला बबल अँड स्क्वीक म्हणतात. आईने त्यावर लिंबू पिळलं, आणि आजींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.