काळा घोडा : दालनाइतकाच पदपथही पाहण्याजोगा

चर्चगेट स्थानकापासून रमतगमत चालत गेले तरी काळा घोडा परिसर पंधरा-वीस मिनिटांत येतो. ज्या पुतळ्यामुळे हे नाव पडले, तो ब्रिटनचा राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली येथून हलवला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ साली चौकात बसवलेल्या नव्या घोड्यावर मात्र स्वारच नाही, आणि ते बरेच झाले.

या भागात आलो की मी सर्वांत आधी जातो तो जहांगीर कलादालनात. १९५२ साली सुरू झालेल्या या दालनात प्रवेशमूल्य नाही, प्रदर्शने साधारणपणे आठवड्याला बदलतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच अभिप्रायाची वही पुढ्यात ठेवून बसलेला असतो, त्यामुळे एखादे चित्र उमगले नाही तर ज्याने ते काढले त्यालाच विचारता येते. दालनासाठी नाव नोंदवून चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते, ही बाजू प्रेक्षकाच्या लक्षात सहसा येत नाही. ती येते बाहेरच्या पदपथावर. तेथे जलरंगातील घाट आणि वाडे ओळीने मांडलेले असतात, शेजारी छोट्या स्टुलावर बसून कुणी समोरच्या मुलीचे कोळशात व्यक्तिचित्र काढत असतो आणि ती हसली की हात थांबवून वाट पाहतो. मागच्या खेपेला मी येथूनच एक लहान जलरंगचित्र घेतले. भाव करण्याचा मोह झाला होता, पण कागदाच्या कडेला राहिलेले पेन्सिलीचे पुसट आराखडे पाहून तो आवरला.

रस्त्यापलीकडील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. १८८४ सालचे निळे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बाहेरून तरी अवश्य पाहावे.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. जहांगीरमधील ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५ साली बंद झाल्यापासून कलाविद्यार्थ्याला खिशाला परवडणाऱ्या चहावर तासभर गप्पा मारत बसता येईल, अशी जागा येथे जवळपास उरलेली नाही; आसपासच्या कॅफेंत एका कॉफीच्या पैशांत चित्रकलेच्या कागदांचा गठ्ठा येईल.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवात गर्दीमुळे चित्रांपेक्षा डोकीच अधिक दिसतात. चित्रे पाहायची असल्यास पावसाळा सरल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी, अकराच्या सुमारास जावे.