हेडफोन रेडिओच्या नावाखाली झालेली फसवणूक

सोलापूरच्या बाजारपेठेत ‘एएम-एफएम हेडफोन रेडिओ’ म्हणून कानांवर बसवायचे जे संच विकले जात आहेत, त्यांच्या खरेदीत माझी आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या काही यंत्रमाग कामगारांची फसवणूक झाली. ती कोणत्या रीतीने झाली हे इतरांना आधीच कळावे, विशेषतः ज्यांना अशी वस्तू आठवड्याच्या पगारातून घ्यावी लागते त्यांना कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. मागांच्या खडखडाटात साधा रेडिओ ऐकू येत नाही, आणि रेडिओची आवड मात्र आमच्याकडे जुनी आहे. दिवसा सोलापूर आकाशवाणी आणि रात्रपाळीला मीडियम वेव्हवर, म्हणजे रेडिओवर ज्याला ‘एएम’ म्हणतात त्या पट्ट्यावर, ७९२ किलोहर्ट्झचे पुणे केंद्र, हा अनेकांचा नेम आहे. सूर्यास्तानंतर मीडियम वेव्हच्या लहरी वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, त्यामुळे पुणे रात्री अधिक सहज लागते. विक्रेत्याने नेमकी हीच गरज हेरली. हा संच मागांचा आवाज अडवतो, एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही पकडतो आणि याला बाहेरची अँटेना लागत नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. एका संचाचे १,८५० रुपये घेतले. बिल मागितले तेव्हा खोक्यावर शिक्का मारून दिला आणि तेच बिल समजा, असे सांगितले.

दुकान व्यापारी संकुलाच्या तळघरात आहे. तिथे मोबाइलची रेंजसुद्धा धड येत नाही, तरी त्याने आमच्या कानांवर लावून दाखवलेला संच अतिशय स्वच्छ वाजला. जुनी हिंदी गाणी, मधूनमधून निवेदिकेचा आवाज आणि खरखर अजिबात नाही. कारखान्यात आल्यावर मात्र फक्त फसफस ऐकू येऊ लागली. पुढे एका कामगाराने कानाच्या गादीखालची बारीक खाच उघडून पाहिली, तेव्हा तिच्यात मेमरी कार्ड सापडले. दाखवण्यासाठी वापरलेला तो संच त्याच्याच वाट्याला आला होता आणि त्यातले कार्ड काढायचे राहून गेले होते. बटण दाबून तो कार्डवर घेतला, तर तीच निवेदिका आणि तीच गाणी त्याच क्रमाने सुरू झाली. दुकानात आम्हाला रेडिओचे ध्वनिमुद्रण ऐकवून रेडिओ म्हणून विकले होते. ही गोष्ट अनवधानाने घडत नाही. त्यासाठी आधी बसून कार्ड भरावे लागते.

दुसरी लबाडी खोक्यावर छापलेलीच होती. ‘एएम’ ही अक्षरे ठळक होती, पण संचात मीडियम वेव्ह पकडणारा भागच नव्हता. बटण कितीही वेळा दाबले तरी आकडे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ यांच्यामध्येच, म्हणजे केवळ एफएमच्या पट्ट्यात फिरत राहिले. भारतात मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ आहे. तो पकडण्यासाठी आत फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या दांडीवर गुंडाळलेली तार असावी लागते. आमच्या ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याने एक संच उघडून पाहिला, तेव्हा त्यात अशी दांडी नव्हती.

उरला एफएम, आणि तोही नीट लागत नव्हता. एफएमच्या लहरीची लांबी साधारण ३ मीटर असते. ती चांगली पकडायला तिच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर तार हवी. म्हणूनच मोबाइलवर एफएम लावताना हेडफोनची वायर जोडावी लागते. ती वायरच अँटेनेचे काम करते. बिनवायरीच्या हेडफोनमध्ये एवढी तार बसवायला जागाच नसते. त्यामुळे मान वळवली की केंद्र सुटते, हात कानाशी नेला की परत लागते, आणि पत्र्याच्या शेडखाली गेल्यावर ते पार नाहीसे होते. दोष जागेचा आहे असे दुकानदार नंतर म्हणाला. पत्र्यामुळे अडथळा येतो हे मला मान्य आहे, पण त्याच शेडच्या खिडकीशी आमच्या जॉबरचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमाचा, जुना खिशातला रेडिओ अँटेनेची दांडी वर काढल्यावर सोलापूर केंद्र स्पष्ट लावत होता. उघड्या अंगणातसुद्धा नव्या संचांना ते जमले नाही.

मला सर्वांत जास्त राग मात्र पैशांपेक्षा वेगळ्या कारणाने आला. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. कानांचे रक्षण करणाऱ्या खऱ्या साधनावर ते किती डेसिबल आवाज कमी करते हा आकडा छापलेला असतो. या खोक्यावर तो नव्हता, आणि स्पंजची ती गादी काहीही अडवत नव्हती. कामगार मागांवर मात करण्यासाठी रेडिओचा आवाज वाढवत होते. आधीच थकलेल्या कानांवर खरखरीचा आणखी मारा होत होता. एकाने कान दुखतात म्हणून सांगितल्यावर आम्ही सर्वांचे संच काढून ठेवायला लावले.

दुकानदाराने संच परत घेण्यास नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथाच आहे. हे त्याला सांगितले, तेव्हा तो हसला. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार करत आहोत. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत असणे बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर यांतले काहीच नाही, हाही मुद्दा अर्जात घेतला आहे.

असा संच घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला आधी मेमरी कार्डाची खाच उघडून दाखवायला सांगावे, मोबाइलचे ब्लूटूथ बंद करावे आणि संच घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर यावे. पडद्यावर गाण्याचा क्रमांक किंवा पुढे सरकणारी वेळ न दिसता केंद्राचा आकडा दिसला पाहिजे. एएम असल्याचा दावा असेल तर ७९२ लावायला सांगावे. अमेरिकेसाठी बनवलेले काही संच दहा-दहा किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी पुढे जातात. त्यांवर ७९० नंतर थेट ८०० येते, तर आपली केंद्रे नऊच्या टप्प्यांवर आहेत. ज्यांनी असे संच आधीच घेतले आहेत, त्यांनी खोका, कार्ड आणि यूपीआयने पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी. खरेदीपासून दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.