पालकसभा: हॉलला दीड स्टार, वर्गाला पाच

मुलगा दुसरीत, शाळा पुण्यातलीच, मराठी माध्यम सेमी इंग्लिश. नाव लिहीत नाही, अजून आठ वर्षं काढायचीयेत तिथे. परवा पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं, वेळ साडेपाचची, म्हणजे नोकरीवाल्यांनी हाफ डे टाकूनच यायचं.

आधी हॉल. समई पंख्याने विझतेय, पंखा बंद केला की सगळे घामाघूम, माईक मधेच कुईं करतो आणि विश्वस्तांचं भाषण काही संपत नाही, "उज्ज्वल परंपरा" मी चार वेळा मोजलं मग मोजणं सोडलं. पन्नास मिनिटं गेली यात. प्रोजेक्टरवर नवीन बिल्डिंगचे फोटो. अहो पण आमची पोरं जुन्या बिल्डिंगमधे बसतात ना!

मग वर्गात गेलो आणि मूडच बदलला. बाई दारात उभ्या, हातात गुलाब वगैरे काही नाही, म्हणाल्या या, पण जागा तुमची तुम्हीच शोधा. प्रत्येक बाकावर मुलांनी काढलेलं घराचं चित्र, खाली नाव नाही. नवरा कॉन्फिडन्सने जाऊन भलत्याच बाकावर बसला, मी दोन चकरा मारल्या, आणि सासरे मात्र सरळ तिसऱ्या बाकाशी जाऊन उभे, "हे काय, ही आपलीच स्कूटी." एकच आरसा असलेली. दुसरा दिवाळीपासून तुटलाय तो पोराने बरोब्बर गाळला होता. त्या बाकात गुडघे मावत नाहीत म्हणून तिरकं बसून राहिलो पण हसू आवरेना.

नंतर बाईंनी भाजीवाल्यांकडे असतो तसला हुकाचा काटा काढला आणि दप्तरं टांगायला सुरुवात केली. नियम असा की दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच हवं. आमचा 22 किलोचा, म्हणजे 2 किलो 200 च्या आत, आणि काटा म्हणतोय 3 किलो 400! मी शाळेला दोन शब्द सुनावायच्या तयारीतच होते, तर बाईंनी शांतपणे आतून एक लिटरची भरलेली स्टीलची बाटली काढली (वर्गाबाहेर फिल्टर आहे), मग फळांचा जादा डबा, मग मीच घातलेल्या दोन वह्या "असू देत" म्हणून. सगळ्या आया माझ्याकडे बघतायत. ओरडल्या नाहीत हां, नुसत्या एकेक वस्तू माझ्यासमोर मांडत गेल्या.

तक्रार एकच पण मोठी. 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे पालक शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, शाळेची फी त्याच समितीपुढे मंजुरीला येते. त्याची अनाउन्समेंट कधी केली, तर सगळे वड्याच्या लायनीत असताना! अर्ध्यांना ऐकूच गेलं नाही. मी पळत जाऊन नाव दिलं, तुम्हीही आपापल्या शाळेत द्या, कोणी बोलवायला येणार नाही.

वडा गार, चहा आल्याचा, फक्कड. गाडी गेटसमोर लावू नका, टोइंगवाले फिरत असतात.

पुढची सभा दिवाळीनंतर. मी साडेसहाला जाणार, थेट वर्गात.