फॅमिलीसर्चवरच्या घानाच्या मौखिक वंशावळी: झाडाआधी मुलाखतीचा कागद बघा

हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या घरबसल्या चाळता येतात, म्हणून वंशावळीचा नाद असलेल्या मराठी माणसांच्या कानावर फॅमिलीसर्चचं नाव गेलेलं असतं. त्याच संकेतस्थळावर आफ्रिकेतल्या मौखिक वंशावळींचा साठा आहे. त्यातला घानाचा भाग अतिशय मोलाचा आहे, पण तो वाचायची रीत माहीत नसेल तर चुकीच्या पणजोबांपाशी नेऊन सोडतो.

सेवा फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. ती चालवतं सॉल्ट लेक सिटीतलं चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. संस्थेची सुरुवात 1894 सालची. घानात काम असं चालतं: स्थानिक मुलाखतकार गावातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांसमोर बसतो, ते सांगतील तसं एकेक नातं कागदावर उतरवतो आणि नंतर ती माहिती संगणकात भरली जाते. याची गरज का पडली हे कळायला एक गोष्ट पुरे. देशभर लागू असलेला जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा तिथे 1965 साली आला. त्याआधीच्या खेड्यापाड्यांतल्या बहुतेक माणसांचा कागदच नाही. बासल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचे लोक 1828 मध्ये तिथे पोचले, पण मिशनच्या वह्यांत सापडतात ती ख्रिस्ती झालेली कुटुंबं. बाकी सगळं म्हाताऱ्यांच्या डोक्यात.

शोधायला कसं बसावं? 'सर्च'मध्ये 'जीनिऑलॉजीज' उघडा आणि त्यात मौखिक वंशावळींपुरता शोध मर्यादित करा. सुरुवात मयत व्यक्तीपासूनच करा. हयात असण्याची शक्यता असलेली माणसं संकेतस्थळ झाकून ठेवतं, त्यामुळे स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या नावाने शोधलं तर पाटी कोरी दिसते आणि लोक कंटाळून उठतात. आजी-आजोबांच्या पिढीतलं, शक्यतो दोन शब्दांचं नाव आणि गाव टाका.

आडनावाच्या भरवशावर मात्र राहू नका. अकान या घानातल्या मोठ्या समाजात (अशांती आणि फांटी हे त्यातलेच गट) नाव बाप ठेवतो, आणि ते एखाद्या मान्यवर नातेवाइकाचं असू शकतं. म्हणून सख्ख्या भावंडांची 'आडनावं' वेगवेगळी निघतात. वारावरून पडलेलं नाव तर प्रत्येकालाच असतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची मुलगी अकोसुआ. नुसतं 'कोफी' शोधणं म्हणजे शुक्रवारी जन्मलेला देशातला प्रत्येक पुरुष शोधणं. त्यातून फांटी बोलीत रूपं बदलतात. अशांतीत रविवारचा मुलगा क्वासी, फांटीत क्वेसी. अशांतीतली अकोसुआ फांटीत एसी होते. दोन्ही रूपांनी शोधा. मेन्सा (तिसरा), बादू (दहावा) अशी जन्मक्रमाची नावंही आडनावाच्या जागी बसलेली दिसतील. 'नाना', 'ओपानिन', 'मामे' ही आदराची संबोधनं कित्येकदा पहिलं नाव म्हणून भरलेली असतात, त्यामुळे हवा असलेला माणूस 'ओपानिन' या नावाखाली लपलेला असू शकतो.

नाव सापडलं की लगेच झाड, म्हणजे वंशवृक्ष, उतरवून घेऊ नका. पाच गोष्टी आधी टिपा: माहिती कोणी सांगितली, कोणत्या गावी, कधी, सांगणाऱ्याचं त्या घराण्याशी नातं काय, आणि कागदाचं चित्र किंवा ध्वनिमुद्रण उघडतं का. उघडत असेल तर ते मूळ मानायचं, झाड ही त्यावरून केलेली नक्कल. नक्कल करणाऱ्याने कुठे घाई केली ते कागदावर लगेच दिसतं.

सर्वांत मोठा घोटाळा नात्यांच्या शब्दांत होतो. अकानांत आईची बहीण ही आईच, आणि तिची मुलं सख्खी भावंडंच म्हणायची पद्धत. मावसभावाला आपणही 'माझा भाऊ' म्हणतो, पण आपण खोदून विचारलं तर सांगतो. इंग्रजी फॉर्मवर 'ब्रदर' लिहिलं की खोदायला जागा उरत नाही. मग झाडात एका बाईला पंधरा मुलं दिसतात, त्यातली धाकटी ती साठीची असताना झालेली. असं दिसलं की तिथे दोन किंवा तीन बहिणी एकात मिसळल्यात असं धरून चला. दुसरं, अकानांचं कूळ, म्हणजे अबुसुआ, आईकडून चालतं आणि वारसा परंपरेने मामाकडून भाच्याकडे जातो. इंग्रजी पद्धतीचा तक्ता बापाची रेघ आधी ओढतो. तुम्ही मात्र आई, आजी, पणजी ही रेघ धरा. सांगणाऱ्याची आठवण तिथेच पक्की असते. घानातल्याच दागोंबा, एवे आणि गा लोकांत कूळ बापाकडून, तिथे हे उलटं करायचं. गा घराण्यांत तर ठरलेल्या नावांचा संच एक पिढी सोडून परत येतो, म्हणून आजोबा आणि नातू एकच समजून जोडलेले सापडतात.

पिढ्या गळण्याचं काय? सांगणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्या तीन-चार पिढ्या भक्कम असतात, मूळपुरुष पाठ असतो, आणि मधला भाग आक्रसतो. उत्तर घानातल्या गोंजा राज्याचं उदाहरण यासाठी प्रत्येकाने लक्षात ठेवावं. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तिथली परंपरा लिहून घेतली, तेव्हा राज्यसंस्थापक जाक्पाला सात मुलगे होते, राज्याच्या सात विभागांचे सात अधिपती. पुढे दोन विभाग नाहीसे झाले. साठेक वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा जाक्पाला मुलगे पाच! कुणी खोटं बोललं नव्हतं. वंशावळ आजच्या हक्कांचं उत्तर देते. हक्क बदलले की तीही बदलते. जमिनीचा किंवा गादीचा वाद चालू असलेल्या घराण्याची माहिती एकाच शाखेकडून आली असेल, तर दुसऱ्या शाखेची मुलाखत सापडेपर्यंत ती कच्चीच धरा.

याहून नाजूक बाब म्हणजे गुलामीची. कुणाचं मूळ कुठलं हे दुसऱ्याने उघड करू नये, असा अशांतींचा जुना दंडक आहे. विकत घेतलेली किंवा युद्धात पकडून आणलेली माणसं कुळात सामावली गेली आणि त्यांच्या मुलांना ते ऐकवणं निषिद्ध ठरलं. हा दंडक माणुसकीचा आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण त्यामुळे झाडावर सलग दिसणारी रेघ रक्ताची असेलच असं नाही. अमेरिकेतून मूळ शोधत आलेल्यांना तर हा साठा थेट जोडून देत नाहीच. मुक्त झालेल्या गुलामांची नावं तिकडच्या जनगणनेत 1870 पासून येतात, आणि त्याआधीची वाट बहुधा गाव किंवा कूळ कळल्याशिवाय या मुलाखतींपर्यंत पोचत नाही. आपल्याकडच्या सिद्दी कुटुंबांचीही अडचण हीच आहे.

तारखांबद्दल थोडं. सालं बहुधा अंदाजाची असतात. '1 जानेवारी' दिसली की ती तारीख सोडून द्या. सांगणारे काळ घटनांवरून धरतात: अशांतींची राणीमाता 'या असांतेवा' हिने 1900 साली इंग्रजांशी केलेलं युद्ध, 1918 ची इन्फ्लूएन्झाची साथ, 22 जून 1939 चा अक्राचा भूकंप, 6 मार्च 1957 चं स्वातंत्र्य. इथे वाराचं नाव फार उपयोगी पडतं. 6 मार्च 1957 ला बुधवार होता. त्या दिवशी जन्मलेला मुलगा क्वाकू असणार, मुलगी अकुआ. नोंदीत त्या तारखेला 'कोफी' जन्मलेला दाखवला असेल, तर नावावर विश्वास ठेवा आणि तारीख खोडा.

सेवेतल्या उणिवा दोन. 'जीनिऑलॉजीज'मधली झाडं दुरुस्त करता येत नाहीत आणि एकाच माणसाच्या नोंदी अनेक झाडांत विखुरलेल्या राहतात, त्यामुळे मेळ घालायचं काम आपल्या वहीतच करावं लागतं. उलट सामाईक 'फॅमिली ट्री' कुणीही बदलू शकतो; तिथे आजीची बहीण आजी होऊन बसायला एक क्लिक पुरते. शिवाय त्या झाडातल्या मयतांसाठी चर्चचे सभासद धार्मिक विधी करू शकतात, हे घरच्यांना आधी सांगून मगच नावं भरावीत.

आमच्याकडून या सेवेला पाचपैकी चार गुण. घानाच्या खेड्यातल्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करा, मग प्राड या सरकारी अभिलेखागाराच्या अक्रा, कुमासी किंवा केप कोस्टच्या कचेरीत जमिनीचे आणि गादीच्या वादांचे कागद बघा. आणि अबुसुआपानिन, म्हणजे कुळाचे प्रमुख, हयात असतील तर छापील तक्ता घेऊन त्यांच्यापुढे बसा. जाताना रीतीप्रमाणे मद्याची बाटली न्यावी. तक्ता त्यांच्या हातात देऊ नका. आधी त्यांना सांगू द्या, मग ताडून बघा.