नऊ वर्षांनी पुन्हा क्लच: तीन महिने वापरलेल्या मॅन्युअल गाडीबद्दल

पहिल्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. ब्रेक दाबून चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बाकी शुकशुकाट. पुन्हा फिरवली, तेच. बॅटरी गेली म्हणून ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन लावणार, तेवढ्यात लक्षात आलं की माझा डावा पाय खुशाल पसरून बसलाय. या गाडीत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. फोन खाली ठेवला आणि आजूबाजूला कोणी पाहिलं नाही ना, याची खात्री करून घेतली.

गाडी जुनी, एकाच मालकाने वापरलेली. छोटी हॅचबॅक, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. मॅन्युअलच्या प्रेमापोटी घेतली असं अजिबात नाही. शोधत होते ऑटोमॅटिकच, पण पाहिलेल्यांत नीट सांभाळलेली हीच निघाली. नऊ वर्षं मी चालवलेली घरची ऑटोमॅटिक आता मुलगी चालवते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या तक्रारींपैकी निम्म्या माझ्याच पायाच्या आहेत.

क्लचबद्दल आधी बोलते, कारण पहिला आठवडा त्यातच गेला. मला भीती होती की सगळं विसरले असेन. पण पायाला फार नीट आठवत होतं, फक्त आठवत होती ती दुसरीच गाडी. माझ्या आधीच्या मॅन्युअलचा क्लच केबलचा, जड आणि झिजलेला. पेडल जवळजवळ पूर्ण वर आलं की मगच तो पकडायचा. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, लोण्यासारखा हलका, आणि जमिनीपासून दोन बोटं उचलला की लगेच पकडतो. माझा पाय जुन्या हिशोबाने पाऊण अंतर एका झटक्यात सोडून द्यायचा, मग गचका, मग शांतता. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा बंद पडली. सातवी खेप बंपर टू बंपर रांगेत, मागे एक भलीमोठी बस.

यावर उपाय सापडला तो असा. मोकळी सपाट जागा बघितली, अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही असं ठरवलं. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडत जायचा. इंजिन आयडलला साधारण ८०० आरपीएमवर असतं. प्लेट पकडायला लागली की काटा किंचित खाली येतो, आवाज जरा जड होतो आणि गाडी आपोआप सरकते. तिथे पाय क्षणभर थांबवायचा. पंधरा-वीस वेळा केलं, तेव्हा पायाने जुनी गाडी सोडली. आणखी एक गोष्ट: ऑटोमॅटिकमध्ये मी सीट बरीच मागे घेऊन बसायचे. इथे क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, म्हणून सीट दोन खाचे पुढे आणली. कंबरदुखी तिथेच कमी झाली.

गिअर लिव्हर मात्र सुरेख. एका गिअरमधून दुसऱ्यात जायला ते थोडंसंच हलवावं लागतं, प्रत्येक गिअर जागेवर बसल्याचं हाताला कळतं. दुसऱ्यातून तिसरा टाकताना मी मूठ आवळून ढकलत होते आणि लिव्हर भलत्याच गाळ्यात अडकत होतं. लिव्हरला आतून स्प्रिंग असते, न्यूट्रलला सोडलं की ते स्वतःच तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभं राहतं. म्हणजे तिसऱ्यासाठी उघड्या तळव्याने सरळ वर ढकललं की झालं. पाचव्यातून चौथा घेतानाही तसंच, ओढाओढ करायची नाही. हात लिव्हरवर टेकवून ठेवायची सवयही सोडली. त्या वजनाने आतला सिलेक्टर फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, विनाकारण घासत राहतो.

चालत्या गाडीत पहिला गिअर घेताना मी अजून बिचकते, ते बाबांमुळे. ते ज्या गाडीवर शिकले तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दात कराकरा वाजायचे, आणि मी शिकत असताना बाबांनी तोच नियम मलाही लावला. खरं तर सिंक्रोमेश कॅडिलॅकने १९२८ सालीच आणलं होतं, पण कितीतरी गाड्यांच्या पहिल्या गिअरला ते पुढे अनेक वर्षं मिळालं नाही. त्यात पितळी शंकूसारखी एक कडी आधी घासून दोन्ही भागांची गती सारखी करते, मग दात गुंततात. त्या कडीला क्षणभर वेळ लागतो. घाई केली की ती अडवते आणि आपण गिअरबॉक्सला नावं ठेवतो. मीही ठेवली होती.

आता वैताग. डॅशबोर्डवर गिअर बदला म्हणून सांगणारा एक बाण आहे. तो ताशी ३५ किलोमीटरला चौथा टाक म्हणतो. त्याचं ऐकलं आणि पुढे किंचित चढ आला की इंजिन धाप टाकतं, मग दोन गिअर खाली. इंधन वाचवायच्या नादात तो समोरचा रस्ता बघत नाही. त्याच्यापेक्षा माझी मुलगी बरी. तिने आयुष्यात क्लच दाबलेला नाही, पण शेजारी बसून बरोब्बर सांगते, "आई, ओरडतेय बघ ती, बदल ना गिअर." डेड पेडल, म्हणजे डावा पाय टेकवायची जागा, इतकं अरुंद आहे की पाय परत क्लचवरच जाऊन टेकतो, आणि तसा टेकलेला पाय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या मुळावर येतो. रिव्हर्ससाठी लिव्हरखालची कडी वर उचलावी लागते. आठवडाभर चिडचिड झाली, आता हात आपोआप उचलतो.

चढावर थांबून निघण्याची सर्वांत जास्त धास्ती होती. हिल होल्ड आहे, पण तो ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंदच गाडी धरतो. माझं सगळं जुळून यायला पहिल्यांदा तीन सेकंद लागले आणि गाडी मागे सरकली. मागच्या माणसाने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून जुनी पद्धत: हँडब्रेक ओढलेला, थोडी रेस, क्लच इतका सोडायचा की बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, मग हँडब्रेक खाली. या गाडीत बटणाऐवजी खराखुरा ओढायचा हँडब्रेक आहे, यासाठी तिचे शंभर अपराध माफ. हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवायचा मोह मात्र टाळा. मी एकदा धरली, आणि प्लेट जळाल्याचा तो वास दिवसभर नाकात राहिला.

उतारावर ही गाडी खरी सुखाची. तिसरा टाकून पाय उचलला की इंजिनच तिला आवरून धरतं, ब्रेक तापत नाहीत. माझी ऑटोमॅटिक सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली, तिच्यात हे होतं पण लिव्हर 'एल'वर न्यावं लागतं, आणि नऊ वर्षांत मी ते किती वेळा केलं असेन तर दोनदा.

रोज तासभर रांगेत सरकायचं असेल तर ही गाडी घेऊ नका. संध्याकाळी डाव्या पोटरीत गोळे येतात आणि त्यावर कुठलाही हलका क्लच उपाय नाही. मोकळे रस्ते किंवा घाटाचा प्रवास जास्त असेल तर जरूर बघा.

घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या असतील तर सांभाळून. परवा मी ऑटोमॅटिक चालवत होते. सिग्नल आला, सवयीने डावा पाय क्लच शोधायला गेला आणि त्याला ब्रेकचं रुंद पेडल सापडलं. क्लचसारखंच तळापर्यंत दाबलं. मागे कोणी नव्हतं, नशीब. मुलीचा मोबाइल उडून सीटखाली गेला आणि ती घरी पोहोचेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. आता त्या गाडीत बसले की डावा पाय आधी सीटखाली मागे ओढून घेते, मगच सीटबेल्ट लावते.