‘सवंय जातली, टीचर’ म्हणत त्याने 33,500 रुपये नेले

घरी येऊन कवळी करून देणाऱ्या एका भोंदूने मला फसवलं. ‘सवंय जातली’, म्हणजे सवय होईल, हे त्याचं पालुपद. आकडा आधीच लिहून टाकते, कारण कळल्यावर प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. आगाऊ 10,000. कवळी हातात पडली तेव्हा 14,500. मग कवळीच्या आतल्या मऊ अस्तराचे, म्हणजे ‘सॉफ्ट लायनर’चे 4,200, ‘ॲडजस्टमेंट पॅकेज’चे 3,500, चिकटवायची पेस्ट आणि धुवायच्या गोळ्या मिळून 1,300. एकूण 33,500 रुपये. प्राथमिक शाळेत जन्म घालवलेल्या बाईच्या पेन्शनीतले. बदल्यात मिळाल्या हिरड्यांच्या जखमा.

“शिकलेली माणसं फसतात कशी?” असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं नीट वाचावं. मधुमेहाने माझ्या हिरड्या गेल्या, दात हलायला लागले आणि उरलेसुरले गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात काढून घेतले. तिथे मला स्वच्छ सांगितलं होतं की हिरड्या भरून येऊ देत, दोनतीन महिन्यांनी माप घेऊ. कारणही सांगितलं. दात काढल्यावर खालचं हाड पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त झिजतं. त्या आधी घाईने केलेली कवळी लवकर सैल होते आणि ती आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. हे मला ठाऊक होतं. पण चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. दोनतीन महिने तोंडात एकही दात नसताना राहणं म्हणजे काय, हे ज्यांचे दात जागेवर आहेत त्यांनी मला शिकवू नये. दोन्ही वेळा पेज. सून माशाचे काटे काढून ताटात वाढायची. गाल आत गेलेले. बाजारात जुने विद्यार्थी हाक मारायचे आणि मी तोंडावर रुमाल धरून मान हलवायची. आमच्या बायकांच्या भजनी मंडळात पुढे बसून अभंग म्हणणारी मी. त, थ, द, ध म्हणायला जीभ दातांमागे टेकावी लागते, आणि टेकायला काही उरलंच नव्हतं. ज्याने मला लुटलं त्याने नेमकी ही घाई हेरली.

तो आला कसा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. गावातल्या सभागृहात ‘मोफत दंत तपासणी’चा बॅनर, पांढरा कोट, हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, “जर्मन मटेरियल”, “आयुष्यभराची वॉरंटी”, “आज नाव दिलं तर सूट”. शेजारणीने नाव दिलं म्हणून मीही दिलं. घरी येऊन माप घेणार, कदंबा बसचे धक्के खात बांबोळीला जायला नको, हे ऐकून तर घरचे सगळेच खूश.

आता तो दिवस. आठवला की अजून अंगाची लाही होते.

त्याने आमच्याच स्वयंपाकघरातली वाटी मागितली, नळाच्या पाण्यात पावडर कालवली, पत्र्याच्या ट्रेमध्ये भरून वर एकदा, खाली एकदा दाबली. मग मेणाचा एक गोळा तोंडात घालून म्हणाला, “चावा.” माझा जबडा पुढे सरकून मिटला. मला कळलं की हे चुकतंय. हाताने खूणही केली. तो म्हणाला, “पुरे, टीचर,” आणि गोळा काढून पिशवीत टाकला. दात कधी काढले, हे त्याने विचारलं नाही. साखर किती, हे विचारलं नाही. आणि आगाऊ रक्कम देताना नवऱ्याने फोनवर कोड स्कॅन केला, तेव्हा पडद्यावर एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं नाव आलं. मी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, “भावाचें दुकान, टीचर. क्लिनिकाच्या खात्यार टॅक्स पडटा.” तिथेच सगळं थांबायला हवं होतं. पण त्या वेळी माझ्या टाळूला तो लगदा चिकटलेला, मी बेसिनवर ओणवी होऊन चुळा भरत होते. अशा अवस्थेत बाईने जाब विचारावा अशी अपेक्षा कोण करेल? माणसाला बोलता येत नसतं तेव्हाच हे लोक पैसे मागतात, आणि ते ठरवून मागतात.

रीतसर कवळी कशी होते ते आता मला माहीत झालंय. पहिलं माप. त्यावरून खास तुमच्या तोंडाचा ट्रे, त्यात दुसरं, बारीक माप. मग मेणाच्या पट्ट्या घालून वरचा-खालचा जबडा किती उंचीवर आणि कसा मिटतो ते ठरवतात. मग मेणात बसवलेले दात तोंडात घालून दाखवतात. तुम्ही आरशात पाहायचं, बोलून बघायचं, हो म्हणायचं, तेव्हा कुठे प्लास्टिक ओतलं जातं. मेणातले दात दाखवले नाहीत तर उरलेला एक रुपया देऊ नका. मला थेट तयार कवळी झिपच्या पिशवीतून मिळाली आणि पिशवी उघडताच नेलपॉलिशसारखा उग्र वास आला.

घातल्या दिवसापासून हाल. आणि प्रत्येक तक्रारीला त्याचं एकच उत्तर: “सवंय जातली, टीचर. नवी चप्पल लागता तशें.” यात थोडं खरं असतं म्हणूनच माणूस गप्प बसतो. नव्या कवळीची सवय व्हावीच लागते. सुरुवातीला तोंडात लाळ सुटते, कारण तोंडाला ते खाणंच वाटतं. काहीतरी मोठं कोंबल्यासारखं होतं. स, फ, व अडखळतात. अन्नाची चव पुसट लागते. खालची कवळी वरच्यापेक्षा जास्त हलते, कारण वरचीला टाळूची मोठी जागा मिळते आणि खाली जीभ तिला सारखी ढकलते. हे सगळं काही आठवड्यांत कमी होतं.

ज्याची सवय होत नाही, ते त्याने याच वाक्याखाली दडपलं. एकाच ठिकाणी रोज रक्त येणं ही सवयीची गोष्ट नव्हे. बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटून टकटक वाजणं ही सवयीची गोष्ट नव्हे, उंची जास्त ठेवलेली असते. तोंड मिटल्यावर एकाच बाजूचे दात टेकणं, जांभई देताना वरची कवळी खाली पडणं, प्लास्टिकची आग होणं, कशाकशाचीच सवय होत नाही. आणि तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर कवळीचं नाव पुढे करू नका, डॉक्टरांना दाखवा.

त्याची एक लबाडी मला फार उशिरा समजली. येण्याआधी फोन करून तो सांगायचा, “काडून दवरात, हिरड्यांक आराम दियात.” मी ऐकून कवळी काढून ठेवायची. तो येईपर्यंत लाली उतरलेली असायची, खूण दिसायची नाही, आणि तो खिशातला सँडपेपर काढून वाटेल तिथे घासायचा. खरं उलट आहे. दुरुस्तीला जायच्या आदल्या दिवशी, निदान काही तास तरी कवळी घालावी लागते, म्हणजे कुठे टोचतंय ते डॉक्टरला दिसतं. ते आत पांढरी पेस्ट लावून कवळी बसवतात, जिथली पेस्ट पुसली जाते तिथे दाब आहे असं कळतं आणि तेवढीच जागा घासतात. याने भलतीकडेच घासून कवळी सैल केली. मग “हाड झिजतं, लायनर लागतो” म्हणून 4,200 घेतले. हाड झिजतं हे खरंच, म्हणून मी दिले. मग पॅकेज. मग पेस्ट. चवथीला मी आरतीला उभी राहिले ती तोंड मिटून. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

शेवटी बांबोळीलाच परत गेले. ओरडतील म्हणून पोटात गोळा होता. कुणी ओरडलं नाही. कवळी उलटी करून बघितली आणि तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की हे गरम पाण्यात तासन्‌तास शिजवून घट्ट केलेलं प्लास्टिक नाही, मोडलेली कवळी सांधायला वापरतात तसलं, टेबलावरच काही मिनिटांत आवळणारं आहे. त्यात कच्चं रसायन जास्त राहतं, वास आणि आग त्याचीच. कडा इतक्या लांब होत्या की ओठ आणि हिरडी जोडणारी बारीक दोरी दर वेळी कापली जात होती. ही दुरुस्त होणार नाही, म्हणाल्या. तोंड पूर्ण भरेपर्यंत काही घालायचं नाही, मग नवी. म्हणजे जे महिने वाचवायला 33,500 घातले, तेच पुन्हा वाट पाहण्यात गेले.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, “पयशे तुमी खोशयेन दिल्ले न्हय?” खुशीने दिले म्हणून गुन्हा नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? फसवलेला प्रत्येक माणूस खुशीनेच देतो, म्हणून तर त्याला फसवणूक म्हणतात. अर्जावर शिक्का मारून प्रत द्यायलाही तयार नव्हते, ग्राहक आयोगाकडे जा म्हणाले. मग ज्यांनी असल्या लोकांवर लक्ष ठेवायचं त्या कार्यालयात गेले. तिथे बाई विचारतात, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय? मी म्हटलं, नाहीच, तीच तर तक्रार. त्या म्हणाल्या, क्रमांक नसेल तर तो आमच्याकडचा नाही, आम्ही कारवाई कशी करणार? नोंदणी असलेल्याने चूक केली तर हे बघणार, आणि नोंदणीच नसलेल्याने लोकांच्या तोंडात हात घातला तर कुणीच बघणार नाही! नोंदणीशिवाय दंतवैद्यकी करणं कायद्याने गुन्हा आहे. कवळी घडवणारा टेक्निशियन वेगळा आणि तोंडात हात घालून माप घेणारा दंतवैद्य वेगळा, हेही कायद्यातच आहे. ते मी त्यांना सांगायचं का? पंचायतीत गेले तर म्हणे, सभागृह भाड्याने दिलं होतं, आत काय चालतं ते आम्ही बघत नाही. बॅनर मात्र पंचायतीच्या दारावरच लटकत होता. बँकेत गेले तर, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, आता काही होत नाही. वय झालेल्या बाईला एका खिडकीवरून दुसरीकडे धाडायचं, ती दमेल आणि घरी बसेल, एवढाच यांचा हिशोब. मला घरी बसायचं नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार घातली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, घटनेपासून 2 वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरूनही तक्रार नोंदवता येते. पावती म्हणून त्याने ‘एस्टिमेट’ लिहिलेल्या कागदाचा चिटोरा दिला होता. त्यावर ना डॉक्टरचं नाव, ना नोंदणी क्रमांक. असला कागद हातात आला तर तिथेच थांबवा, क्रमांक लिहून मागा. पैसे रोख देऊ नका. मी फोनवरून दिले म्हणून निदान तारखा आणि त्या रिचार्जच्या दुकानाचं नाव माझ्याकडे राहिलं. वाईट कवळी रागाने फेकू नका, तोच पुरावा. माझी धुऊन, वाळवून, त्याच झिपच्या पिशवीत ठेवली आहे, डॉक्टरीण बाईंनी लिहून दिलेल्या कागदासकट.

नवी कवळी आता बसली आहे. खालची अजून हलते. सकाळी मोठ्याने पेपर वाचते, मऊ भात दोन्ही बाजूंनी एकदम चावते, पुढच्या दातांनी काही तोडत नाही, रात्री काढून साध्या पाण्यात ठेवते. कढत पाण्यात ठेवू नका, आकार बिघडतो.

हा माणूस आता दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या नावाने बॅनर लावतोय, असं ऐकलंय. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, कुठेही ‘घरी येऊन कवळी’ म्हणत कोणी आला तर पैसे कुठल्या नावावर जातात ते आधी बघा. आणि रिचार्जच्या दुकानाच्या नावावर ज्यांचे आधीच गेले असतील त्यांनी लाज वाटून गप्प बसू नये. आपापले व्यवहाराचे कागद काढा आणि तुमचीही तक्रार आयोगाकडे घाला. एकट्या बाईला हे लोक हाकलतात, दहा जणांना हाकलणं जड जाईल.