दोना पावला ते आग्वाद: लॉर्ड वेलस्लीवरची वारसाफेरी घ्यावी का?

पणजीतला एक छोटा गट हिवाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली याच्यावर वारसाफेरी काढतो. फेरी चार तासांची असते, दहा-बारा जण असतात आणि माहिती मराठीतून देतात. पोर्तुगिजांच्या गोव्यात हा इंग्रज उमराव कुठून आला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर ही फेरी जागेवर नेऊन देते, म्हणून ती घेण्यासारखी आहे. मात्र काही ठिकाणी ती घसरते. तिथे आपण थोडी तयारी करून गेलेलं बरं.

सुरुवात दोना पावलाच्या इंग्रजी दफनभूमीपासून होते आणि ती बरोबरच आहे. नेपोलियन 1798 मध्ये इजिप्तमध्ये उतरला होता आणि टिपूची फ्रेंचांशी बोलणी चालू होती. अशा वेळी मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांची मुखं फ्रेंचांच्या हाती जाऊ नयेत, हा कलकत्त्यात बसलेल्या गव्हर्नर-जनरल वेलस्लीचा हिशेब होता. टिपू 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टणला पडला आणि त्याच वर्षी इंग्रजी फौज सर विल्यम क्लार्कच्या हाताखाली गोव्यात उतरली. काबो (दोना पावलाजवळचं टोक), समोरचा आग्वादचा किल्ला अशा मोक्याच्या जागी ती राहिली. इंग्लंड-फ्रान्समधल्या 1802 च्या आमियाँच्या तहानंतरचा थोडा काळ सोडला, तर 1813 पर्यंत ती इथेच होती. सत्ता पोर्तुगालची आणि तोफांजवळ पहारा इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था. 'इंग्रजांनी गोवा जिंकला होता' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. पोर्तुगाल मित्रराष्ट्र होतं आणि फौज संरक्षणाच्या नावाखाली आली होती. वेलस्लीला गोवा कायमचा हवा होता, पण ते जमलं नाही. मार्गदर्शक हा फरक नीट सांगतात.

दफनभूमीत मात्र घाई होते. जेमतेम वीस मिनिटं मिळतात, दुप्पट हवीत. कबरी चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. खारा वारा आणि पावसाळा यांनी गिलावा सुटतो, चिऱ्याला भोकं पडतात आणि आधी अक्षरांच्या कडा जातात. समोरून फोटो काढला तर काहीच दिसत नाही. सकाळचं तिरपं ऊन असताना कडेने बघायचं किंवा मोबाईलची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. बुडालेली अक्षरं मग सावलीने उठून येतात. खडू घासायचा नाही, पाणी ओतायचं नाही. दोन्हींनी उरलेला चुना सुटतो. आणखी एक, फौज गेल्यानंतरही इथे दफनं होत राहिली. त्यामुळे प्रत्येक कबर वेलस्लीच्या काळातली समजू नका, आधी साल वाचा.

फेरीची सर्वांत मोठी उणीव म्हणजे भावाभावांची गल्लत. आपला हा रिचर्ड वेलस्ली. जन्म 1760 चा, आयर्लंडमधल्या मीथ परगण्यातल्या उमराव घराण्यातला. हॅरोच्या शाळेत मुलांच्या बंडात सापडल्यावर ईटनच्या शाळेत गेला, पुढे ऑक्सफर्डला. 1781 मध्ये वडील वारले आणि मॉर्निंग्टनचा अर्ल झाला. असईची आणि पुढे वॉटर्लूची लढाई जिंकणारा, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर हा त्याचा नऊ वर्षांनी धाकटा भाऊ. फेरीत दोघांची नावं इतक्या वेळा एकमेकांत मिसळतात, की शेवटी लोक वॉटर्लूचं श्रेय रिचर्डला देऊन घरी जातात. साधी खूण ठेवा: तह आणि हुकूम थोरल्याचे, मैदानातल्या लढाया धाकट्याच्या.

काबोच्या फाटकाबाहेर तैनाती फौजेचा भाग होतो. संपूर्ण फेरीत हा सर्वांत उत्तम. (आत राज्यपालांचं निवासस्थान आहे, पूर्वपरवानगीशिवाय जाता येत नाही. फेरीच्या शुल्कात ते धरू नका.) मार्गदर्शक वसईच्या तहाची कलमं एकेक करून उलगडतात. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने किमान 6,000 कंपनी पायदळ कायमचं ठेवून घेतलं आणि त्याच्या खर्चासाठी 26 लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून दिला. इतर सत्तांशी बोलणी करायची तर आधी कंपनीला विचारायचं. पैसे रोख द्यायचे असते तर थकले असते, भांडण झालं असतं. मुलूखच दिल्यावर तो परत मिळण्याचा रस्ताच उरत नाही. पुढच्या वर्षी असई, लासवारी, आडगाव, गाविलगड हे सगळं याच तहातून निघालं. मराठी माणसाला हे शाळेत शिकवलेलं असतं, पण कलमाचा परिणाम मैदानावर कसा झाला ते असं सलग क्वचितच ऐकायला मिळतं.

पुढे मिरामारला गास्पार दियशच्या किल्ल्याची जागा दाखवतात. किल्ला उरलेला नाही, पाच मिनिटांत आटोपतं. मग गाडीने मांडवी ओलांडून आग्वाद. तटावरून नदीचं मुख आणि समोरचं काबोचं टोक एका नजरेत येतं. फौज नेमकी या दोन टोकांना का ठेवली, ते नकाशाशिवाय कळतं.

परतीच्या गाडीत वेलस्लीचं उरलेलं आयुष्य दोन वाक्यांत संपवतात, आणि तिथे खरंच नुकसान होतं. होळकरांशी युद्ध रेंगाळलं, भरतपूरचा वेढा फसला, कंपनीचं कर्ज त्याच्या कारकिर्दीत जवळपास दुप्पट झालं, म्हणून 1805 मध्ये त्याला जावं लागलं, हे सांगायलाच हवं. त्याने 1800 मध्ये कलकत्त्यात काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उल्लेखही होत नाही. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये छापलं गेलं. त्याच कॉलेजचा उपप्रमुख क्लॉडियस ब्युकॅनन 1808 मध्ये गोव्यात आला आणि इन्क्विझिशनबद्दल (चर्चच्या धर्मन्यायालयाबद्दल) त्याने लिहिलं ते युरोपभर वाचलं गेलं. गोव्यातल्या श्रोत्यांसाठी याहून जवळचा धागा कुठला? पुढे वेलस्ली 1809 ते 1812 ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता. 1821 पासून आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट असताना कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत या बाजूचा होता. 1828 मध्ये धाकटा भाऊच पंतप्रधान झाल्यावर त्याने ते पद सोडलं. भारतात इतका कठोर आणि आयर्लंडमध्ये इतका उदार, हा पेच समजल्याशिवाय माणूस पुरता कळत नाही. 1842 मध्ये तो वारला.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत सकाळची तुकडी घ्या. दहानंतर दफनभूमीत ऊन डोक्यावर येतं आणि अक्षरं सपाट दिसतात. पावसाळ्यात टाळा, चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि पाय सरकतो. पायांत रबरी तळव्याचे बूट, डोक्यावर टोपी, माणशी एक लिटर पाणी. दफनभूमीचं दार कधी कुलूपबंद असतं, तेव्हा आदल्या दिवशी आयोजकांना चावीबद्दल विचारून ठेवा. नोंदणी करतानाच सांगा की फोर्ट विल्यम कॉलेज आणि आयर्लंडबद्दल ऐकायचं आहे. माहिती त्यांच्याकडे आहे, विचारलं तर मिरामारचा वेळ कापून ती सांगतात.